ऑस्कर: कागदपत्रांची सोय पक्की, वेळापत्रकाची हमी मात्र नाही

नाव सिनेमाच्या पुरस्काराचं, काम टपालखात्याचं. ‘ऑनलाइन सिस्टिम फॉर क्लर्कशिप अॅप्लिकेशन अँड रिव्ह्यू’ म्हणजेच ऑस्कर, ही अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) न्यायालयांची लॉ क्लर्क, म्हणजे न्यायाधीशाला संशोधन आणि निकालाच्या मसुद्यात मदत करणारे तरुण कायदा पदवीधर, यांच्या भरतीची सेवा. 13 अपील न्यायालयं, 94 जिल्हा न्यायालयं, शिवाय दिवाळखोरी न्यायाधीश आणि मॅजिस्ट्रेट न्यायाधीश. यातला प्रत्येक न्यायाधीश आपले क्लर्क स्वतः निवडतो. आपल्या सुप्रीम कोर्टासारखी लॉ क्लर्कसाठी एकच लेखी परीक्षा आणि मग मुलाखत, असा प्रकार तिथे नाही. गुणवत्ता यादीही नाही. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या शेकडो स्वतंत्र दालनांची, म्हणजे न्यायाधीशांच्या कार्यालयांची, भरती एका वेळापत्रकात बसवायची हा मुळातच अवघड मामला, आणि ऑस्करला तो अर्धाच साधला आहे.

आधी जे साधलं आहे ते. सेवा पूर्ण मोफत आहे. शोध नेमका चालतो: सर्किट (एका अपील न्यायालयाच्या हद्दीतला प्रदेश), शहर, न्यायालयाचा प्रकार, रुजू होण्याचं वर्ष, मुदत एक वर्षाची की दोन, अशा चाळण्या लावता येतात. न्यायाधीशाच्या पानावर कोणते कागद हवेत, शिफारसपत्रं किती, अर्ज ऑस्करवरूनच हवा की ईमेलनं किंवा टपालानं चालेल, हे लिहिलेलं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाची ओळ, जिच्याकडे बरेच जण उशिरा बघतात: हे न्यायाधीश ‘हायरिंग प्लॅन’, म्हणजे भरती कधी सुरू करायची याचं न्यायाधीशांनी आपसांत ठरवलेलं वेळापत्रक, पाळतात की नाही. जागा पाहायला सुरुवात केली की पहिली चाळणी हीच लावावी. एका उमेदवाराला 100 क्लर्कशिप अर्जांची मर्यादा आहे. ती जाचक वाटते, पण 100 न्यायाधीशांना मनापासून पत्र लिहिणारा विद्यार्थी अजून जन्मायचा आहे.

कव्हर लेटर लिहिण्यासाठी ऑस्करमध्येच मजकुराची खिडकी आहे. न्यायाधीशाचं नाव, न्यायालय, पत्ता या जागा आपोआप भरल्या जातात. सोय चांगली आहे आणि घातही इथेच होतो. ‘माझी नाळ शिकागोशी जुळलेली आहे’ हे वाक्य होनोलुलूच्या दालनात जाऊन पडतं. त्यावर उपाय म्हणजे एकच साचा न ठेवता प्रदेशवार साचे करायचे: ईशान्य किनारा, मध्य-पश्चिम, दक्षिण, पश्चिम किनारा. प्रत्येकात ‘इथेच का’ हा परिच्छेद वेगळा. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाला हा प्रश्न फारसा पडत नाही, उमेदवार तिथे येणारच. आयडाहोतल्या बॉइझीच्या किंवा नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या न्यायाधीशाला तो हमखास पडतो, आणि मोठ्या शहरांबाहेर अर्ज करण्याची खरी संधी त्या एका परिच्छेदात असते. कुटुंब तिथे असेल, पुढे तिथेच वकिली करायची असेल, तर तसं स्पष्ट लिहावं.

लेखनाचा नमुना 10 पानांच्या आसपास, शक्यतो दुसऱ्या कोणी संपादित न केलेला. उन्हाळी इंटर्नशिपमधला असेल तर फर्मची परवानगी घ्यावी आणि अशिलाची ओळख पटेल असा मजकूर झाकावा. रेझ्युमे सुधारून पुन्हा चढवला की तयार अर्जांत नेमकी कोणती प्रत जोडलेली आहे, हे एकेक अर्ज उघडून पाहावं. कंटाळवाणं काम आहे, पण जुना रेझ्युमे आणि नवं गुणपत्रक एकत्र गेले तर दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात.

सगळ्यांत जास्त अर्ज अडतात ते शिफारसपत्रांवर. पत्र विद्यार्थी चढवत नाही, शिफारस देणारा स्वतः किंवा त्याच्या वतीनं कॉलेजचा कर्मचारी चढवतो. ऑस्करकडून गेलेला ईमेल प्राध्यापकांच्या स्पॅममध्ये पडतो, प्राध्यापक उन्हाळ्यात परदेशात असतात, आणि मे महिन्यात एकाच प्राध्यापकाकडे डझनभर विद्यार्थी रांगेत असतात. पत्र आलं नाही तर अर्ज अपूर्ण राहतो. म्हणून न्यायाधीशांची यादी एप्रिलमध्येच प्राध्यापकांच्या हाती द्यावी, सोबत रेझ्युमे आणि त्यांच्या वर्गातला आपला पेपर. तीन पत्रं लागत असतील तर चौथं तयार ठेवावं. प्राध्यापकांच्या सहायकाचं नाव माहीत असणं हे प्राध्यापकांशी असलेल्या ओळखीइतकंच उपयोगी पडतं.

आता वेळापत्रक. लॉ स्कूलच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला भरती करायची असा जुना प्लॅन 2003 मध्ये आला होता. हळूहळू न्यायाधीश तारखेच्या आधीच मुलाखती घेऊ लागले. जानेवारी 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या डीसी सर्किटनं अंग काढून घेतलं आणि प्लॅन कोलमडला. त्यानंतर पहिल्या वर्षाचे गुण हाती आले की लगेच भरती, असा प्रकार सुरू झाला: उमेदवाराबद्दल सहा-सात विषयांपलीकडे काही माहीत नाही आणि प्राध्यापकांनाही तो नीट ठाऊक नाही. हे थांबवायला 2018 मध्ये नवा प्लॅन जाहीर झाला. डीसी, दुसरं, सातवं आणि नववं या सर्किटांचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश मेरिक गार्लंड, रॉबर्ट कॅट्झमन, डायेन वूड आणि सिडनी थॉमस त्यामागे होते. 2017 मध्ये लॉ स्कूलला दाखल झालेली तुकडी त्यातली पहिली, आणि तिची भरती जून 2019 मध्ये झाली. नियम साधे आहेत. दुसऱ्या वर्षाचे गुण लागेपर्यंत अर्ज घ्यायचे नाहीत, मुलाखती नाहीत, शिफारसीचे फोनही नाहीत. ऑफर दिली तर ती किमान 24 तास खुली ठेवायची आणि त्या वेळात उमेदवाराला दुसरीकडे मुलाखत देण्याची मोकळीक असायची.

प्लॅन ऐच्छिक आहे, सगळी मेख इथेच आहे. तो मोडला म्हणून ऑस्कर कोणालाही थांबवत नाही, थांबवूही शकत नाही. एकाच सर्किटमध्ये, एकाच इमारतीत, एक न्यायाधीश जूनची वाट पाहतो आणि शेजारच्या दालनात पुढच्या दोन वर्षांच्या जागा भरून झालेल्या असतात. त्यामुळे उमेदवाराला दोन कॅलेंडरं चालवावी लागतात: प्लॅनबाहेरच्यांसाठी दुसऱ्या वर्षातच ईमेल आणि टपाल, प्लॅनमधल्यांसाठी जून. दोन्ही एकाच तक्त्यात ठेवावीत. रकाने असे: न्यायाधीश, शहर, प्लॅन हो किंवा नाही, अर्जाची वाट, पत्रांची संख्या, शेवटची तारीख, स्थिती. हा तक्ता ऑस्करनं स्वतः द्यायला हवा होता. बाहेरून गेलेले अर्ज त्याला दिसतच नाहीत.

जूनमधला दिवस. अलीकडच्या हंगामांत अर्ज पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी 12 वाजता एकदम न्यायाधीशांना खुले होतात, आणि मुलाखतीचे फोन करण्याची मुभा साधारण त्यानंतरच्या दिवशी मिळते. पूर्वेकडे दुपारचे 12 म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे 9 आणि हवाईत सकाळचे 6. नवव्या सर्किटमध्ये तर गुआमही येतं, तिथे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे 2 झालेले असतात. म्हणजे बोस्टनचा फोन आधी वाजतो आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा नंतर. तो फोन येईपर्यंत बोस्टनच्या 24 तासांतले काही तास खर्ची पडलेले असतात. व्हिडिओ मुलाखतींनी हा ताण बराच हलका केला. प्रत्यक्ष जायचं झालं तर प्रवासखर्च उमेदवाराचा, न्यायालय देत नाही. एका प्रदेशातल्या मुलाखती सलग लावून घेता आल्या तर पैसा वाचतो. पहिला फोन आला की त्याच शहरातल्या बाकीच्या दालनांना नम्रपणे कळवायला हरकत नाही.

24 तासांचा नियम कागदावर उदार आहे, पण व्यवहारात न्यायाधीशाच्या ऑफरला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. म्हणून जिथे जायचंच नाही तिथे अर्जच करू नये, मग नियमाच्या भरवशावर राहण्याची वेळ येत नाही. ऑस्करमध्ये पसंतीक्रम लावण्याची सोय नाही. तो क्रम आपल्या वहीत असावा, जूनच्या आधीच.

प्लॅन फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना लागू आहे. पदवीधर कधीही अर्ज करू शकतात, आणि एक-दोन वर्षं फर्ममध्ये काम केलेला क्लर्क घेण्याकडे अनेक न्यायाधीशांचा कल आहे. जूनमध्ये काही जमलं नाही म्हणून दार बंद झालं असं मानण्याचं कारण नाही.

पुण्या-मुंबईहून एलएलएमला गेलेल्यांनी मात्र खातं उघडण्याआधी नागरिकत्वाची अट वाचावी. मुख्य भूमीवरच्या फेडरल न्यायालयांत पगारी नोकरीसाठी सरकारी निधी वापरण्यावर कायद्यानं बंधन आहे: अमेरिकन नागरिक, नागरिकत्वाच्या मार्गावर असलेले ग्रीन कार्डधारक आणि काही मोजके अपवाद एवढ्यांनाच तो पगार मिळू शकतो. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला गुण कितीही असले तरी इथे उपयोग नाही. हवाई, गुआम, पोर्तो रिको ही ठिकाणं मुख्य भूमीबाहेर असल्यानं या बंधनाबाहेर राहतात, कामाचा परवाना अर्थातच वेगळा लागतो. राज्य न्यायालयं हा निराळा कारभार आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत राज्य न्यायालयं दरवर्षी बरेच लॉ क्लर्क घेतात आणि त्यांची अर्जप्रक्रिया स्वतंत्र आहे.

न्यायाधीश क्लर्कशी वागतात कसे, याबद्दल ऑस्करवर अवाक्षर नाही. ते जुन्या क्लर्कना फोन करूनच कळतं, आणि तो फोन मुलाखतीच्या आधी करावा, ऑफरनंतर नव्हे.

कागद पोहोचवण्याच्या कामाला पाचपैकी साडेचार, प्रदेशांमधल्या समन्वयाला जेमतेम अडीच, आणि त्यातलेही बरेचसे प्लॅन मनापासून पाळणाऱ्या न्यायाधीशांचे. ऑफर स्वीकारली की बाकीचे सगळे अर्ज त्याच दिवशी मागे घ्यावेत, प्लॅनबाहेर ईमेलनं पाठवलेलेसुद्धा. ते ऑस्करमधून मागे घेतले जात नाहीत, प्रत्येक दालनाला स्वतः कळवावं लागतं.