जुनी सिस्टीम क्लाउडवर नेली, बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

आमची ऑर्डर आणि स्टॉकची सिस्टीम जुनीपुराणी, खाली ओरॅकलचा डेटाबेस, वर जावामधलं ॲप, आणि रात्रीची बॅच, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणारं काम, अजूनही कोबॉल या जुन्या भाषेत. वरून आदेश आला, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, हलवा, आणि तेही लिफ्ट अँड शिफ्ट, म्हणजे कोडला हात न लावता आहे तसं उचलायचं आणि तिकडच्या व्हर्च्युअल मशीनवर टाकायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, याने फक्त मशीन बदलतं, सिस्टीम जुनी ती जुनीच राहते.

पहिला दणका लेटन्सीचा, म्हणजे वाटेत जाणाऱ्या वेळेचा. ॲप आधी गेलं, डेटाबेस काही दिवस जुन्या सर्व्हर रूममध्येच, मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित जोडणी. पूर्वी दोन्ही एकाच रॅकमध्ये होते त्यामुळे क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) येण्याजाण्यात एक मिलिसेकंदही जायचा नाही, आता 20-25 जायला लागले. ऐकायला किरकोळ वाटतं हो, पण आमचा स्टॉक रिपोर्ट लूप लावून प्रत्येक आयटमसाठी वेगळी क्वेरी मारतो, हजार आयटम म्हणजे हजार फेऱ्या, म्हणजे नुसत्या वाटेतच वीसेक सेकंद गेले. आणि लोक बोंबलणार की क्लाउड स्लो आहे! डेटाबेसही तिकडे गेल्यावर हे थांबलं, लूप मात्र अजून तसाच आहे.

मग बॅच रखडायला लागली. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही, पण सीपीयूचा ग्राफ बघितला तर 20 टक्क्यांवर एकदम सपाट रेघ. मशीन स्वस्तातलं बर्स्टेबल होतं, त्यात सीपीयू निवांत असताना क्रेडिट साठतात आणि जोराचं काम आलं की खर्च होतात, संपले की मशीन आपल्या बेसलाइनवर, म्हणजे ठरवून दिलेल्या कमी वेगावर, येऊन बसतं. रात्रभर पळणाऱ्या बॅचला असलं मशीन देऊच नये. फिक्स्ड परफॉर्मन्सचं घेतलं, विषय संपला.

बिलाचं म्हणाल तर डेटा आत टाकायला सहसा पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत, त्यामुळे रोज मोठ्या फाइली बाहेर पाठवत असाल तर आधी हिशोब करा. टेस्टची मशीन रात्री आणि शनिवार-रविवार बंद ठेवा, आठवड्याच्या 168 तासांपैकी कामाचे असतात जेमतेम 60. डिस्कचे पैसे मात्र मशीन बंद असलं तरी लागतातच.

आवडलं काय? स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत. प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमची, कॉपी काढून, ग्राहकांची माहिती झाकून, टेस्टला द्यायची, हे पूर्वी हार्डवेअरची मंजुरी येईपर्यंत लटकायचं, आता दुपारी मागितलं तर संध्याकाळी मिळतं. याच जोरावर आम्ही इनव्हॉइसचा भाग बाहेर काढला, पुढे एक प्रॉक्सी बसवली, इनव्हॉइसच्या रिक्वेस्ट नव्या सर्व्हिसकडे आणि बाकी सगळ्या जुन्या ॲपकडे. महिनाभर दोन्हीकडची बिलं पैशापैशाने जुळवली आणि मगच जुना कोड बंद केला. एवढा एकच तुकडा मला खरंच मॉडर्न झाल्यासारखा वाटतो. आता नंबर स्टॉक रिपोर्टचा. कोबॉलच्या बॅचला एवढ्यात कोणी हात लावणार नाही, राउंडिंगचे सगळे नियम त्या कोडमध्येच आहेत आणि कागदावर कुठेच नाहीत.