साताऱ्याहून पुण्याला: आपली गाडी की एसटी?

गोडोलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकीचे दिवस घरून काम. खोली घेण्यापेक्षा साताऱ्यातूनच ये-जा करायची असं त्याने ठरवलं आणि एका संध्याकाळी विचारायला आला. "ताई, जुनी का होईना, गाडी घेऊ का? की एसटीच बरी?"

मी त्याला विचारलं, "ऑफिस पुण्यात नेमकं कुठे आहे?" त्याला वाटलं मी विषय बदलतेय. पण पंधरा वर्षं या रस्त्यावर जाऊन-येऊन माझं एक मत पक्कं झालंय. गाडी की एसटी याचा निकाल कात्रजच्या बोगद्यापलीकडे लागतो. अलीकडचा रस्ता दोघांनाही सारखाच आहे.

सातारा-पुणे अंतर साधारण ११० किलोमीटर. वाढे फाट्यावरून हायवेला लागलं की आनेवाडीचा टोलनाका, सुरूर, खंबाटकी, शिरवळ, नीरेचा पूल, खेड शिवापूरचा टोलनाका आणि मग कात्रज. रस्ता मोकळा असेल तर आपल्या गाडीने पावणेदोन तासांत बोगदा गाठता येतो, विनाथांबा एसटीला थोडा जास्त वेळ लागतो. फरक वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यासाठी कुणी गाडी विकत घेऊ नये आणि विकूही नये.

खरा फरक पुढे सुरू होतो. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्याचा क्रमांक जगात चौथा होता. शहरात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. हायवेवर आपण तेवढं अंतर सात-आठ मिनिटांत कापतो. आणि ही झाली सरासरी. सकाळी साडेनऊला कात्रजहून स्वारगेटकडे निघालात, तर पद्मावतीच्या सिग्नलला ही सरासरी आठवून काही उपयोग नसतो. पुणेकर त्या रस्त्याला सातारा रोड म्हणतात. आपल्या गावाचं नाव असलेल्या रस्त्यावर आपलीच गाडी सर्वात जास्त अडते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

कुठे जायचंय, त्यावर सगळं

काम मध्य पुण्यात असेल तर मी विचारच करत नाही, एसटी. याचं मोठं कारण मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि सातारकराचं पुणं बदललं. पूर्वी स्वारगेटला उतरलं की रिक्षावाल्याशी घासाघीस, नाहीतर पीएमपीच्या सिटी बसच्या गर्दीत बॅग छातीशी धरून उभं राहणं. आता स्थानकाजवळच भुयारात उतरायचं. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर, पुढे खडकी, दापोडी, थेट पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत एकच गाडी. जिल्हा न्यायालयाला मेट्रो बदलली की एका बाजूला डेक्कन, नळ स्टॉप, वनाज आणि दुसऱ्या बाजूला पुणे स्टेशन, रुबी हॉल, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी. तिकीट १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत.

लग्नाच्या खरेदीला लक्ष्मी रोडवर जाणाऱ्या बायकांना तर मी हात जोडून सांगते, गाडी नेऊ नका. मंडईच्या वाहनतळात जागा मिळेपर्यंत साड्यांची निम्मी दुकानं बघून होतील. मंडई स्थानकात उतरा आणि चालत जा. कोर्टाचं काम, ससूनमध्ये ॲडमिट असलेल्या नातेवाइकाला भेटणं, शिवाजीनगरच्या एखाद्या कार्यालयातला कागद, हे सगळं आता एसटी आणि मेट्रोचं काम आहे. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगावंच लागत नाही. ती आधीपासून एसटीनेच जातात.

काम हिंजवडी, बाणेर किंवा बावधनला असेल तर मात्र चित्र उलटं होतं. स्वारगेटला उतरून हिंजवडी गाठायची म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. गाडी असेल तर कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल, वारजे, चांदणी चौक आणि पुढे वाकड, शहरात न शिरता बाहेरच्या बाहेर जाता येतं. चांदणी चौकाचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नवे पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले, तेव्हापासून तिथला घोळ बराच सुटला. एसटीनेच जायचं असेल तर एक उपाय आहे. साताऱ्याहून मुंबई-बोरिवलीकडे जाणाऱ्या काही गाड्या याच बाह्यवळणाने जातात. चढण्याआधी वाहकाला विचारायचं, "चांदणी चौक, वाकडला थांबेल ना?" हो म्हणाला तरच बसायचं, कारण काही गाड्या स्वारगेटला आत जातात आणि मग तासभर तिथेच जातो.

वरच्या मुलाचं ऑफिस निघालं येरवड्याला. तिथपर्यंत मेट्रो आहे. निम्मा निर्णय तिथेच झाला.

पैशांचा हिशेब

गाडीचा खर्च सांगताना लोक फक्त पेट्रोल सांगतात. तेही एका बाजूचं.

जाऊन-येऊन २२० किलोमीटर, शहरात इकडेतिकडे ३० धरा, म्हणजे २५०. अठराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला चौदा लिटर पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे, म्हणजे चौदाशेच्या पुढे गेलं. वर पार्किंग आणि टोल. टोलच्या बाबतीत नेहमी जाणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास जरूर बघावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा किंमत ३००० रुपये होती. एक वर्ष किंवा २०० वेळा टोल ओलांडणं, जे आधी संपेल ते. आपल्याला जाता-येता चार नाके लागतात, म्हणजे एका पासात पन्नास फेऱ्या. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला तो जवळजवळ वर्षभर पुरतो आणि एका फेरीचा टोल साठ रुपयांवर येतो. हा पास खाजगी गाडीलाच मिळतो, पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही.

एसटीचं भाडं २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तरी साध्या लाल गाडीचं स्वारगेटचं पूर्ण तिकीट दोनशेच्या आसपासच आहे. पण पूर्ण तिकीट काढतं कोण? १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. ७५ च्या पुढे २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. मी आणि माझे वडील (वय ७७) पुण्याला जातो तेव्हा दोघांचं मिळून एका बाजूला शंभर रुपये होतात. त्यापुढे गाडीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

चौघं असाल तर थांबून विचार करा. दोन पुरुष, दोन बायका, म्हणजे एसटीचे जाऊन-येऊन बाराशे, शहरातली रिक्षा-मेट्रो वेगळी. गाडीचे सोळाशे-सतराशे. चार-पाचशेच्या फरकात दारातून दारात जाता येतं, सोबत गावचं तांदळाचं पोतं आणि शेंगा लेकीकडे पोचवता येतात. इथे गाडी घ्या, मी आड येणार नाही.

त्या मुलाचा हिशेब मी कागदावर मांडून दिला. आठवड्याला तीन फेऱ्या, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ३६ हजार किलोमीटर. दोन लाखांच्या वर पेट्रोल, टोलचे वर्षाला तीन पास, तीन-चार सर्व्हिसिंग, आणि टायर वर्ष-सव्वा वर्षात बदलायला येणार. जुनी गाडी यात किती दिवस तग धरेल? एसटीचे पूर्ण तिकिटाने वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आत होतात. एसटीचा मासिक पास वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरण्याचा असतो, म्हणून रोज जाणाऱ्याला तो परवडतो. महिन्यात बारा-तेरा दिवस जाणाऱ्याला नाही. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि तो पास काढायला निघाला होता.

वेळ, घाट आणि अंग

वेळेबद्दल बोलताना खंबाटकीला वगळता येत नाही. वर्षानुवर्षं रचना अशी राहिली की पुण्याला जाताना बोगदा आणि पुण्याहून येताना घाट. म्हणून जायला लागलेल्या वेळेवरून यायचा वेळ कधी धरू नका. शुक्रवारी संध्याकाळी घरी परतणारे सगळे आणि शनिवारी सकाळी महाबळेश्वर-पाचगणीला निघालेलं निम्मं पुणं त्याच चढावर एकत्र येतं. एक ट्रक बंद पडला की रांग खाली घाटाच्या पायथ्याच्या खंडाळा गावापर्यंत. नवे जुळे बोगदे खोदले तेही याच त्रासासाठी. रविवारी संध्याकाळी हीच गर्दी उलटी फिरते. सुरूरला वाईकडून येणाऱ्या गाड्या मिळाल्या की पुढे मुंगीच्या पावलाने जायचं.

अशा कोंडीत एसटी आणि गाडी दोन्ही अडकतात. फरक एवढाच की एसटीत तुम्ही झोपू शकता. ही गोष्ट लहान नाही. जाऊन-येऊन पाच तास क्लच-ब्रेक दाबून ऑफिसात आठ तास बसायचं, हे पंचविशीत जमतं. सहा महिन्यांनी कंबर बोलायला लागते. दिवसभराच्या कामानंतर अंधारात घाट चढताना एका क्षणाची डुलकी काय करू शकते, हे मी सांगायची गरज नाही. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही तसाच. जड वाहनांचे ब्रेक तिथे सुटतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच जड वाहनाने तिथे कितीतरी गाड्यांचा चुराडा केला. बायपासने जाणार असाल तर तिथे डावी-उजवी करू नका, वेग आधीच कमी ठेवा आणि मागच्या ट्रकला जागा द्या.

दुचाकीवर पुण्याला जाणारी पोरं मी रोज बघते. त्याची तुलनाही मी इथे करणार नाही. जाऊ नका.

वडापबद्दल, म्हणजे माणशी पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या खाजगी गाड्यांबद्दल, दोन वाक्यं. हायवेला उभं राहिलं की पुण्याची खाजगी गाडी मिळते आणि ती लवकरही पोचते. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन बसणं नियमाबाहेर आहे, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळताना तेच आडवं येतं.

रेल्वे विसरू नका असं कुणी म्हणेल. स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. रूळ कोरेगाव, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा मोठा वळसा घालून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, साताऱ्याला थांबतेही. पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि पुण्यात पोचते दुपारी. ऑफिसला निरुपयोगी. सामान घेऊन निवांत जायचं असेल तर मात्र जेजुरीकडचा तो रस्ता फार देखणा आहे.

जिथे मी स्वतः गाडी नेते

इतकं एसटीच्या बाजूने बोलून आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. त्यानंतरचे तीन महिने प्रत्येक तपासणीला आम्ही गाडीनेच गेलो. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, हे धडधाकट माणसाला कधी कळत नाही. वडील दाराचा दांडा धरून उभे राहिले आणि पाय उचलेना, तेव्हा मला कळलं. फुकट तिकिटाचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता.

पण गाडीनेही सगळं सोपं झालं नाही. पहिल्याच खेपेला हॉस्पिटलच्या दारात त्यांना उतरवलं आणि पार्किंग शोधायला गेले. सम-विषम तारखेच्या पाट्या वाचत, गल्ल्या फिरत चाळीस मिनिटं गेली. परत आले तेव्हा ते काठीवर भार टाकून तिथेच उभे होते, कारण आत कुठे बसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि फोन माझ्या पर्समध्ये राहिला होता. त्या दिवसापासून नियम केला. पेशंटला गाडीने न्यायचं असेल तर बरोबर दोन माणसं हवीत, एक गाडीपाशी आणि एक पेशंटपाशी. दुसरं माणूस नसेल तर साताऱ्यातून ड्रायव्हर घ्यावा. त्याचे पैसे जातात, पण वडील एकटे उभे राहत नाहीत.

यातूनच आम्हाला मधला मार्गही सापडला. कात्रज, आंबेगाव, धनकवडी, बालाजीनगर या भागात ओळखीचं किंवा नात्यातलं कुणी नाही असा सातारकर मला अजून भेटलेला नाही. आमची आतेबहीण धनकवडीला राहते. गाडी तिच्या सोसायटीत लावायची, चहा घ्यायचा आणि पुढे रिक्षाने स्वारगेट, तिथून मेट्रो. अवघड शहर टळतं, आणि रात्री उशीर झाला तरी शेवटची एसटी चुकेल ही धास्ती राहत नाही. फक्त तिला आधी फोन करावा, सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीला जागा मोजकीच असते.

वडिलांचा गुडघा आता बरा आहे. पुढच्या गुरुवारी सहामाही तपासणी आहे. परवा त्यांनी स्वतःच विचारलं, "सहाची विनाथांबा अजून आहे का गं?" मी स्टँडवर जाऊन वेळ विचारून आले. त्यांनी आधार कार्ड कालच शर्टाच्या खिशात ठेवलंय, आणि त्या पायरीसाठी मी लाकडी पाट घ्यावा का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.