हर्णै की मालवण?

पाच-सहा जणांनी कॅमेरे घेऊन मासेमारीच्या गावात चार दिवस राहायचं, तर कुठे जावं, असं एका मैत्रिणीनं विचारलंय.

फोटोंच्या दृष्टीनं हर्णै सरस. संध्याकाळचा लिलाव, होड्यांतली मासळी किनाऱ्यावर आणणाऱ्या बैलगाड्या, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. सूर्य समुद्राकडे कलतो, त्यामुळे पाण्यातले बैल नुसत्या काळ्या आकृत्या होऊन उमटतात. पण गर्दी, चिखल आणि घाई. ऐन लिलावात ट्रायपॉड मांडलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्तच असतील.

मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघावी. दोन्ही टोकांनी दोर ओढत माणसं हळूहळू जवळ येतात. तेवढ्यात नवख्यालाही लेन्स बदलायला, विचारून फोटो काढायला सवड मिळते. फक्त रापण तुमच्या सोयीनं लागत नाही.

मुंबई-पुण्याहून हर्णै जवळ. राहण्या-जेवणाचे पर्याय मालवणात जास्त, पण डिसेंबरअखेर दर चढलेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा दोन्हीकडे जाण्यात अर्थ नाही.

हात बसलेला असेल, धक्काबुक्की चालत असेल तर हर्णै. गटात नवशिके किंवा वयस्कर असतील तर मालवण.