म्युच्युअलसाठी चाळीस हजार मोजण्याआधी हे वाचा

आपसांत ठरलेल्या घटस्फोटाचं वकील लोक ‘पॅकेज’ सांगतात. मला मिळालेलं सगळ्यांत स्वस्त पॅकेज चाळीस हजारांचं होतं, वर कोर्ट फी आणि ‘इतर खर्च’ वेगळा. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे ‘इतर खर्च’ म्हटलं की पहिल्यांदा व्हाउचर मागते. ते मिळालं नाही. मग १५१०० या टोल-फ्री नंबरवर फोन केला. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन. पलीकडच्या माणसाने जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जायला सांगितलं, सोबत कुठले कागद न्यायचे तेही सांगितलं.

तिथे एक गोष्ट कळली, जी बऱ्याच बायकांना माहीत नसते. मोफत वकील फक्त गरिबांना मिळतो असं आपण धरून चालतो. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक अशा काही गटांना उत्पन्नाची अटच नाही. माझी सॅलरी स्लिप मी पर्समधून काढली तर खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, “ती राहू द्या मॅडम, आधार दाखवा.” इतरांना मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. म्हणजे माझ्या नवऱ्याला हे मिळालं नसतं. त्याला मी सांगितलं की तुला हवं तर घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा तुझ्या ओळखीच्या वकिलाला दाखव. त्याने दाखवला, बरं झालं.

आता सेवेबद्दल. कार्यालय म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि बाकावर बसलेल्या बायका. सल्ल्यासाठी पॅनेलवरचे वकील तिथे पाळीने बसतात. पहिल्या वेळी ज्यांची पाळी होती त्यांनी फाइल न उघडताच “समेट करून टाका” असं सांगितलं आणि फोन घेतला. दुसऱ्या खेपेला ज्या वकीलबाई मिळाल्या, त्यांच्यामुळे मी हे लिहायला बसले आहे.

अर्ज मी स्वतः लिहून नेला होता. त्यात सगळं आहे असं मला वाटत होतं: दागिने, पीएफचं नॉमिनेशन, मेडिक्लेम, दिवाळीच्या सुट्टीत लेक कुणाकडे. मुलीच्या खर्चापुढे ‘काही मागणी नाही’ असं होतं, कारण मला त्याच्याकडून काही नको होतं. बाईंनी तिथेच पेन टेकवलं. “स्वतःची पोटगी सोडा, तुमची मर्जी. मुलीची तुम्ही सोडू शकत नाही, ती तिची आहे.” पुढे फ्लॅटचं कलम. ‘यापुढील हप्ते पतीने भरावेत’ हे आमच्या दोघांत ठीक, पण बँकेने काही त्यावर सही केलेली नाही. कर्जावरून माझं नाव बँकेकडून काढून घेईपर्यंत बँकेच्या लेखी मी कर्जदारच. ही दोन वाक्यं चाळीस हजारांच्या पॅकेजवाल्याने सांगितली असती की नाही, कोण जाणे.

पॅनेलवरच्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. कुणी ‘चहापाण्याचे’ मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करायची. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. मला गरज पडली नाही, पण बाकावरच्या एका मावशींना पडली होती.

कौटुंबिक न्यायालयात तर वकील असणं हा हक्कही नाही, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. न्यायाधीश परवानगी देतात आणि वकील उभे राहतात, हा रिवाज. आम्ही दोघंच उभे राहिलो. “वकील कुठंय?” असं न्यायाधीशांनी विचारलं नाही, विचारलं ते बाहेरच्या टायपिस्टने. त्याच्याच शेजारचा विक्रेता प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर गळ्यात मारत होता. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र सरकारने २००४ सालीच माफ केलंय, साधा कागद चालतो. बायकांना घटस्फोटाच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे, तीही १९९४ पासून. या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून न्या, खिडकीवर वाद घालायला बरं पडतं.

कोर्टाचे समुपदेशकही मोफत. मला वाटलं होतं उपदेश ऐकावा लागणार. तसं झालं नाही. आम्हांला वेगवेगळं बसवून विचारलं, कुणाची जबरदस्ती नाही ना, आणि लेकीच्या भेटींचं वेळापत्रक आमच्याकडून पुन्हा लिहून घेतलं. आम्ही लिहिलेलं ‘सोयीनुसार’ त्यांनी खोडलं आणि वार, वेळ, जागा टाकायला लावली. भांडणं ‘सोयीनुसार’मध्येच होतात म्हणे.

अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मधली अट. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, अमरदीप सिंग खटल्यात, ती शिथिल करता येते असं म्हटलंय: दीड वर्षाहून जास्त वेगळं राहणं झालं असेल, पोटगी-ताब्याचं सगळं मिटलं असेल आणि समेटाची आशा उरली नसेल तर. वकीलबाईंनी एका पानाचा अर्ज करून दिला, तो मंजूर झाला. तारखा मी ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपवर बघायचे. आपल्या खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, “मॅडम उद्या या” ऐकायला जावं लागत नाही.

मग या मोफत सेवेचे स्टार कापायचे कशाचे? वेळेचे. सगळं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. रोजंदारीवरच्या बाईला फुकटचा वकीलही महाग पडतो. मला रजा होत्या.

आणि हे फक्त दोघांचं जमलेलं असेल तरच. तो नांदायला बोलावतोय, मुलाचा ताबा देत नाही, मारहाण आहे, असं असेल तर एकटीने उभं राहू नका. वकील प्राधिकरणाकडूनच घ्या, पण घ्या. लोकअदालतीत घटस्फोट उरकतो असं सांगणारेही भेटतील. तिथे पोटगीसारख्या बाबी मिटतात, घटस्फोट नाही. नोटरीकडच्या स्टॅम्पवरच्या सोडचिठ्ठीवर तर पैसे घालवूच नका. समाजात तशी रूढी कायद्याने मानलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती रूढी सिद्ध करायची तर पुन्हा कोर्टच.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही मोफत देणं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे कोर्टाला बंधनकारक आहे. ती मागून घ्या. जास्तीच्या सर्टिफाइड कॉपीचा अर्ज नक्कल विभागात त्याच दिवशी टाका, कारण पासपोर्टपासून बँकेपर्यंत जिथे तिथे मूळ नक्कल मागतात आणि झेरॉक्सवर भागत नाही.