मालवण बाजारपेठेतली कर सल्लागार सेवा: हिशेब कागदावर मांडून दाखवणाऱ्या मॅडम

होमस्टे आणि जोडीला हापूसची कलमं, असं ज्यांचं आहे त्यांनी रिटर्न भरायला इथेच जावं. जिना अरुंद आहे, जुलैत बसायला खुर्ची मिळत नाही, फोन तर वाजून वाजून बंद होतो. तरीही जावं.

माझ्या तारकर्लीला चार खोल्या आहेत आणि देवगडला माहेरकडून आलेली बाग. आधी जिथे जायचे तिथे सगळ्याची एकच बेरीज मारायचे. या मॅडमनी पहिल्याच दिवशी आंब्याच्या पावत्या वेगळ्या काढायला लावल्या. आंबा पेटीने विकला किंवा कॅनिंगला घातला तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. त्याच आंब्याचा पल्प काढून डबे विकले, तर प्रक्रियेतला नफा धंद्याचा. आणि होमस्टेचं उत्पन्न करमाफीच्या मर्यादेबाहेर गेलं की कर मोजताना, नुसता दर ठरवायला, शेतीची रक्कमही जमेस धरतात. हे सगळं त्यांनी न कंटाळता समजावलं.

यंदा पुण्याचा भाचा सोबत होता. आयटीत आहे, पगार चांगला. टप्प्याटप्प्याचे दर बघून म्हणाला, "आत्या, हे कशाला? सगळ्यांना एकच दर लावावा. एस्टोनियाने 1994 मध्येच लावला." बाहेर माणसं ताटकळत होती, तरी मॅडमनी कोरा कागद ओढला.

4 लाखांपर्यंत माफी, त्यावर सरसकट 15 टक्के, असं धरलं. समोर नव्या करपद्धतीचे आर्थिक वर्ष 2025-26 चे दर. सेस, म्हणजे करावरचा उपकर, दोन्हीकडे सोडला. 10 लाख उत्पन्नावर आज सवलतीमुळे कर शून्य, सरसकट दराने 90 हजार. 50 लाखांवर आज 10 लाख 80 हजार, सरसकट दराने 6 लाख 90 हजार. 24 लाखांवर मात्र दोन्हीकडे बरोबर 3 लाख. "म्हणजे फायदा चोविसाच्या वर," मॅडम म्हणाल्या, "आणि आज ज्यांना काहीच पडत नाही, त्यांच्यावर बोजा."

भाचा म्हणाला, "मग 10 टक्के ठेवा." त्यांनी तेही मांडलं. 10 लाखवाल्याला 60 हजार, 50 लाखवाल्याला 4 लाख 60 हजार. दर उतरला, तरी खालच्याला भरावंच लागतं आणि वरच्याची सूट आणखी वाढते. दर कमी असला की लोक उत्पन्न लपवत नाहीत, हा त्याचा मुद्दा मॅडमनी उडवून लावला नाही. रशियाने 2001 मध्ये त्याच आशेने सरसकट 13 टक्के आणले होते, असं त्याच म्हणाल्या. पण 2021 पासून तिथेही मोठ्या उत्पन्नावर 15 टक्के लागू झाले.

भाच्याचं एक मला पटलं. एकच दर झाला तर शेतीची रक्कम मिळवून कर काढायची खटपट संपेल. पण आम्हा बागायतदारांचा खरा वेळ दर लावण्यात जातच नाही, ते काम संगणक करतो. कुठली पावती शेतीची, कुठली धंद्याची, खोल्यांच्या डागडुजीतला कुठला खर्च धरायचा, घरातल्या वीजबिलातला किती भाग होमस्टेचा, यात दिवस जातात. एकच दर आला म्हणून यातलं काहीही सुटत नाही. तेवढ्यासाठी माझ्यासारख्या दहा लाखांच्या आतल्या माणसांनी कर सुरू करून घ्यावा, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारी बहुतेक घरं याच गटात बसतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

फी उत्पन्न बघून घेत नाहीत, काम बघून घेतात. माझ्याकडून दीड हजार घेतले; नुसता पगार असेल त्याला कमी पडतात. फीची पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, ते सुधारायला हवं.

जायचं तर जूनअखेरीस जा, तेव्हा निवांत बोलता येतं. बँकेचं स्टेटमेंट, होमस्टेची बिलबुकं आणि कॅनिंगच्या पावत्या वेगवेगळ्या पाकिटांत न्या.