शुगर बॉर्डरला, काळजी गुठळीची: पोट कमी करावं, मेटफॉर्मिन घ्यावी की ॲस्पिरिन?

उपाशीपोटी साखर 100 ते 125 किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) 5.7 ते 6.4 आलं की डॉक्टर प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणतात. घरात कुणाला हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस येऊन गेला असेल, तर लगेच पुढची धास्ती असते रक्तात गुठळी होण्याची. अशा वेळी तीन वाटा दिसतात: आहार-व्यायामाने पोट कमी करणं, साखर आटोक्यात ठेवणारी मेटफॉर्मिनची गोळी किंवा ॲस्पिरिन. माझा कौल स्पष्टपणे पहिल्या वाटेला आहे.

त्यामागचं कारण असं. शरीर गुठळ्या बनवतं तशा विरघळवतही असतं. हे विरघळवणं अडवणारं एक प्रथिन आहे, पीएआय-वन. पोटाच्या आतली चरबी ते तयार करते, आणि वाढलेलं इन्सुलिन त्याला जोर देतं. म्हणून प्रीडायबेटिसमध्ये झालेली गुठळी लवकर विरघळत नाही.

फिनलंडमध्ये प्रीडायबेटिस असलेल्या लोकांना आहार-व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालं, तेव्हा वर्षभरात त्यांचं पीएआय-वन 31 टक्क्यांनी उतरलं. ज्यांना फक्त जुजबी सल्ला मिळाला त्यांचं जागचं हललं नाही. या उताराचं मुख्य श्रेय वजन घटण्याला होतं. गुठळीचा कच्चा माल असलेलं फायब्रिनोजेन मात्र व्यायाम-आहाराने फारसं हलत नाही, हेही सांगायला हवं. शिवाय रक्तातला आकडा सुधारला म्हणजे अटॅक टळलाच असं नव्हे. त्या बाबतीत मला सगळ्यात बोलका वाटतो तो चीनमधल्या दा छिंगचा अभ्यास. 1986 साली सुरू झालेला हा प्रयोग सहा वर्षं चालला. 30 वर्षांनी पाहिलं तर जीवनशैली बदललेल्या गटात हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना 26 टक्क्यांनी कमी होत्या.

नुसतं चालून चालेल का? साखरेसाठी उपयोग नक्की होतो. चेन्नईच्या एका अभ्यासात पथ्य-व्यायामाने वजन फारसं न घटताही मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. पण पीएआय-वन खाली आणायचं तर पोट उतरायला हवं. आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत हवी, असं मानतात. सुरुवातीचं लक्ष्य म्हणून वजनाच्या 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे. सिगारेट, तंबाखू असेल तर ती आधी सोडा.

मेटफॉर्मिन दुसऱ्या क्रमांकावर. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तिने मधुमेह 31 टक्क्यांनी रोखला, जीवनशैलीने 58 टक्क्यांनी. रक्तवाहिन्यांतली सूज दाखवणारं सीआरपीही जीवनशैलीनेच जास्त उतरलं. चेन्नईत तर पथ्य-व्यायामाला या गोळीची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही.

ॲस्पिरिन मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. ती प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही, पण पोटातली चरबी आणि इन्सुलिन आहे तिथेच राहतं, वर जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ज्यांना आधी अटॅक आला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये.

आणि मेटफॉर्मिनचा विचार लवकर कुणी करावा? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर असेल, वय साठीच्या बरंच आत असेल किंवा गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे हा विषय आपणहून काढा.