संत्रा निवडीच्या पट्ट्याला व्हीएफडी: दोन बहारांनंतरचा अनुभव

वरूडजवळ आमची संत्रा धुण्याची, पॉलिशची आणि निवडीची लहानशी शेड आहे. दिवाळीआधी आंबिया बहाराची तोड सुरू झाली तेव्हा निवडीच्या पट्ट्याच्या मोटरवर १ एचपीचा ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी, विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. आता मृग बहाराची तोडही संपत आली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही ड्राइव्हला लागू पडतं.

ड्राइव्ह घेतला तो निवडीला बसणाऱ्या बायांमुळे. "भाऊ, पट्टा लय पळते. फळ उलटून पाहाले हात लावला का थे पुढंच जाते," असं एक मावशी मागच्या वर्षभर सांगत होत्या. त्यांचं खरं होतं. कोळशीचा डाग लांबूनही दिसतो, पण रसशोषक पतंगानं पाडलेलं टाचणीएवढं छिद्र फळ फिरवल्याशिवाय दिसत नाही. तसं एक फळ कॅरेटमध्ये गेलं की दोन दिवसांत शेजारची चार नासवतं.

बसवणारा वायरमन म्हणाला, "नॉब फिरवा, जमेल तिथं ठेवा." पहिले दहा दिवस तेच केलं. एके दिवशी ३० हर्ट्झ, दुसऱ्या दिवशी २२. पट्टा किती धावतो हे त्या आकड्यावरून कुणालाच कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी वही घेऊन बसलो.

मोटरच्या नेमप्लेटवर ५० हर्ट्झला १४२० आरपीएम. गिअरबॉक्स १:३०, म्हणजे बाहेर ४७.३ फेरे. पुढे चेन, दोन्हीकडे सारख्याच दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), त्यामुळे ड्रमही मिनिटाला तेवढाच फिरतो. ड्रमचा व्यास १६० मिमी, त्यात पट्ट्याची ५ मिमी जाडी मिळवायची (अर्धी या बाजूची, अर्धी त्या बाजूची). १६५ मिमीचा परीघ ०.५१८ मीटर. गुणाकार केला तर मिनिटाला साडेचोवीस मीटर. ५० ने भागलं की हर्ट्झमागे ०.४९ मीटर.

बाया ज्या चार मीटरमध्ये बसतात, तिथून फळ दहा सेकंदांत निघून जात होतं. त्यांना विचारत विचारत पट्टा हळू केला, तेव्हा बारा मीटरवर सगळ्यांचं जमलं. तिथे फळ वीस सेकंद समोर राहतं. १२ भागिले ०.४९, म्हणजे २४.५ हर्ट्झ.

इथे एक चूक झाली होती, ती सांगतो. पट्टा निम्म्यानं हळू झाला, पण फळं वर चढवून पट्ट्यावर टाकणारा एलिव्हेटर तेवढीच फळं टाकत राहिला. साहजिकच पट्ट्यावर दुप्पट गर्दी झाली आणि फळावर फळ चढू लागलं. हॉपरची झडप अर्धी बंद केली तेव्हा मीटरमागे वीसेक फळं राहिली. मिनिटाला २४० फळं आणि सहा जणी, म्हणजे एकीच्या वाट्याला चाळीस. आता दिवसाचा माल कमी निघतो, पण कॅरेट परत येणं जवळपास थांबलं आहे. मला हा सौदा पटला.

गणितावर विसंबून न राहता खडूनंही मोजलं. पट्ट्यावर रेघ मारली आणि दहा फेऱ्यांचा वेळ धरला. आमचा पट्टा पूर्ण ११ मीटर, म्हणून दहा फेऱ्या ११० मीटर. रिकामा असताना वेग १२.१ निघाला, फळं भरल्यावर ११.६. हर्ट्झ बदलले की मोटरचा वेग त्याच प्रमाणात बदलतो असं आपण धरतो, पण भार तोच असेल तर मोटर मागे पडते ते फेरे जवळपास तेवढेच राहतात. पन्नासवर मोटर मागे पडली नाही तर वेग १५०० असता, त्यातून ८० फेरे गेले तर फार नाही, पण २४.५ वर पूर्ण वेगच ७३५ असतो, त्यातून ८० गेले तर जाणवतात. ड्राइव्हमध्ये स्लिप, म्हणजे हे मागे पडणं, भरून काढायचं पॅरामीटर असतं. ते चालू केल्यावर फरक बराच कमी झाला.

खरी अडचण फेब्रुवारीच्या शेवटी आली, ऊन वाढलं तेव्हा. दुपारनंतर मोटरवर हात ठेववत नव्हता. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट निम्म्या वेगानं फिरला की वाराही कमी, आणि ओझं मात्र तेवढंच. म्हणून कायम हळू चालवायचं असेल तर ते काम ड्राइव्हकडे न देता स्प्रॉकेटकडे द्यावं, हे माझं आता ठाम मत आहे. फिटरकडून गिअरबॉक्सवर १७ दातांचं आणि ड्रमवर ३० दातांचं बसवून घेतलं. आता हर्ट्झमागे ०.२७८ मीटर, आणि बारा मीटरसाठी ४३.२ हर्ट्झ. मोटर थंड राहते, ड्रमला जोरही जास्त मिळतो आणि रिकाम्या-भरल्या पट्ट्यातला फरक जवळपास दिसत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. ड्राइव्ह आला तेव्हा त्यात बेस फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या हर्ट्झला मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती, ६० होती. आपली मोटर ५० ची. तसंच चालवलं तर मोटरला हर्ट्झच्या मानानं कमी व्होल्टेज मिळतं आणि ती भाराखाली दबते. विकणाऱ्यानं हे तपासून द्यायला हवं होतं. नवीन ड्राइव्ह घ्याल तेव्हा नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि आरपीएम आधी त्यात भरा, नॉबला नंतर हात लावा.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डिस्प्लेवर हर्ट्झऐवजी आपला आकडा दाखवता येतो. त्यात ०.२७८ चा गुणक भरला. आता पॅनलवर सरळ १२.० दिसतं आणि मावशीच सांगतात, "आज माल डागी हाय, साडेदहावर घ्या."

पुढच्या आंबियाआधी एलिव्हेटरलाही वेगळा ड्राइव्ह बसवायचा आहे. त्याच्या ड्रमचा व्यास आणि गिअरचं प्रमाण आत्ताच मोजून वहीत लिहून ठेवलं आहे.